पाकिटांचा माग

दोस्तांनो, 'आज नेट स्लो आहे' हे वाक्य तुमच्या घरात आठवड्यातून किती वेळा ऐकू येतं? एकदा मोजून पाहा. आणि त्याच्या मागोमाग येणारी कारणंही वहीत लिहून ठेवा. बाबा म्हणतात, कंपनीच वाईट आहे. आई म्हणते, पावसामुळे असेल. ताई म्हणते, हा गेम लावून बसलाय ना, म्हणून. आणि तुम्ही काय करता? उठता, राऊटरची पिन काढता, दहापर्यंत आकडे मोजता आणि पुन्हा लावता. कधी चालू होतं, कधी नाही होत.

यात गंमत अशी, की तारेवरून नेमकं काय जातंय आणि काय परत येतंय, हे चौघांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं. कपाळाला हातही न लावता ताप किती आहे ते सांगण्यातला हा प्रकार! तर आज आपण थर्मामीटर लावायला शिकू. त्यासाठी विकत काही आणायचं नाही. संगणकातली ती काळी खिडकी असते ना, जिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरं टाइप करायची, तीच उघडायची. विंडोजवर तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल.

त्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. इंटरनेटवरून कुठलीच गोष्ट सलग जात नाही. फोटो असो, गाणं असो की मावशीला पाठवलेला 'पोचलो' हा निरोप असो, त्याची पाकिटं होतात. एका पाकिटात साधारणपणे जास्तीत जास्त दीड हजार बाइट मावतात. म्हणजे २ एमबीचा एक फोटो पाठवलात, तर तेराशे-चौदाशे पाकिटं घराबाहेर पडतात! प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि इतर काही खुणा. टपालासारखंच. फरक इतकाच, की इथला पोस्टमन सेकंदात हजारो पाकिटं पोचवतो आणि गर्दी फार झाली तर काही पाकिटं सरळ फेकून देतो. हो, खरंच फेकून देतो. तशी परवानगीच आहे त्याला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवात सगळ्यांत सोप्या आज्ञेपासून करू. काळ्या खिडकीत पी-आय-एन-जी ही चार इंग्रजी अक्षरं टाइप करा, एक जागा सोडा, आणि एखाद्या वेबसाइटचं नाव लिहून एंटर दाबा. याला म्हणतात पिंग. तुमचा संगणक त्या दूरच्या संगणकाला एक छोटं पाकीट पाठवतो: 'आहेस का?' तो उत्तर देतो: 'आहे.' आणि जाऊन-येऊन किती मिलिसेकंद लागले, ते पडद्यावर उमटतं. विंडोजवर चार वेळा विचारून तो गप्प बसतो. लिनक्स आणि मॅकवर मात्र विचारतच राहतो. थांबवायला कंट्रोल आणि सी ही बटणं एकदम दाबायची. काही संगणक मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, तेव्हा एखाद्या ठिकाणाहून आवाज आला नाही तर घाबरू नका, दुसरं नाव घ्या.

हा प्रोग्रॅम माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला, तोही एका संध्याकाळी! पाणबुडी पाण्यात आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखते, त्या आवाजावरून त्याने 'पिंग' हे नाव ठेवलं.

आता थोडं गणित. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून अमेरिकेतलं कॅलिफोर्निया सरळ रेषेत १३ हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. जाऊन-येऊन झाले २६ हजार. भागाकार करा. १३० मिलिसेकंद! म्हणजे जगातली सगळ्यांत भारी कंपनी असली, तरी मुंबईच्या पिंगला तिथून यापेक्षा लवकर उत्तर येणारच नाही. मग एखाद्या अमेरिकन साइटचं उत्तर १० मिलिसेकंदांत आलं तर? तर समजायचं, उत्तर देणारा अमेरिकेत नाहीच. त्या साइटची एक नक्कल तुमच्या जवळपासच कुठेतरी ठेवलेली आहे. पाहिलंत? एका आकड्यावरून केवढी बातमी काढता आली!

पण पिंगला फक्त 'आहेस का?' एवढंच विचारता येतं. खरी बोलणी ऐकायची तर दुसरं हत्यार हवं. त्याचं नाव टीसीपीडंप. मॅकवर ते आधीपासून असतं, लिनक्सवर फुकट मिळतं. विंडोजवाल्यांनी वायरशार्क घ्यावं. त्याच्याबरोबर टीशार्क नावाचा काळ्या खिडकीत चालणारा भाऊही येतो. हे हत्यार संगणकाच्या मालकाच्या पासवर्डशिवाय चालत नाही, आणि ते बरंच आहे. म्हणून इथून पुढचं आई, बाबा, काका, ज्यांचा संगणक असेल त्यांना शेजारी बसवूनच करा.

टीसीपीडंप सुरू केलं, की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची एक ओळ पडद्यावर पडू लागते. पहिल्यांदा पाहिलंत तर छातीत धडकीच भरेल. धो धो ओळी! तुम्ही काही उघडलेलं नसतानाही संगणक किती जणांशी कुजबुजत असतो ते तेव्हा कळतं. पण एकच ओळ धरून सावकाश वाचा. सुरुवातीला वेळ असते, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग एक बाण, मग घेणाऱ्याचा पत्ता. घरातल्या संगणकाचा पत्ता बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा असतो. त्यानंतर चौकटी कंसात एखादं अक्षर. सगळी मजा त्या अक्षरात आहे.

दोन संगणक बोलायला लागण्याआधी टेलिफोनवर आपण करतो तसं करतात. 'हॅलो, ऐकू येतंय का?' 'येतंय. तुला माझं येतंय का?' 'येतंय.' आणि मग कामाचं बोलणं. पहिल्या 'हॅलो'ची खूण म्हणजे इंग्रजी एस हे अक्षर. उलट आलेल्या उत्तराची खूण एस आणि पुढे एक टिंब. तिसऱ्याची नुसतं टिंब. टिंब म्हणजे पोच, 'मिळालं बरं का' असं सांगणारी. बोलताना मजकूर आला की पी दिसतो. 'चल, ठेवतो' म्हणजे एफ. आणि आर दिसलं तर समोरच्याने फोन आपटला असं समजायचं.

आता ताप मोजू. समजा, एक साइट उघडायला साडेपाच सेकंद लागतायत. घरात नेहमीचा वाद सुरू झालाय. तुम्ही शांतपणे टीसीपीडंप लावलंत आणि ओळींच्या फक्त वेळा वहीत उतरवल्या. ७.१० सेकंदाला तुमच्या संगणकाने विचारलं, 'अमुक नावाच्या साइटचा पत्ता काय?' मग काहीच नाही. १२.१० ला पुन्हा तोच प्रश्न. १२.१२ ला उत्तर आलं, 'हा घे पत्ता.' १२.१३ ला एस गेला, १२.१५ ला एस-टिंब परत आला, आणि १२.६ पर्यंत सगळं पान आलंसुद्धा!

सांगा बघू, स्लो कोण? साइट नाही, तिने तर विचारल्याबरोबर उत्तर दिलं. तारही नाही, पाकीट जाऊन-येऊन दोन शतांश सेकंदच लागले. साडेपाचपैकी पाच सेकंद गेले ते नावाचा पत्ता विचारण्यात. संगणकांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून नावावरून आकडा सांगणारे वेगळे संगणक असतात, त्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पहिला प्रश्न किंवा त्याचं उत्तर वाटेत हरवलं. आणि नेमके पाचच सेकंद का? कारण लिनक्सवर, कुणी आकडा बदललेला नसेल, तर नाव विचारणारा नेहमीचा भाग तेवढी वाट पाहून पुन्हा विचारतो. चोराच्या बुटाचा ठसाच म्हणा ना हा! ओळींमध्ये पाच सेकंदांचं भोक दिसलं, की जाणती माणसं आधी डीएनएसकडे बोट दाखवतात. पिन काढून लावण्याने इथे काय साधणार होतं?

फक्त हेच प्रश्न पाहायचे असतील, तर आज्ञेच्या शेवटी 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे ५३ हा आकडा टाका. मग धो धो ओळी थांबतात आणि पत्त्यांची विचारपूस तेवढी उरते. काही ब्राउझर हा प्रश्नही आता बंद पाकिटातून विचारतात, तसं असेल तर त्यांची ओळ इथे दिसणार नाही.

आणखी एक ठसा ओळखून ठेवा. 'हॅलो'ला म्हणजे एसला उत्तर आलं नाही, तर संगणक पुन्हा एस पाठवतो. पण किती वेळाने? लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांवर आधी १ सेकंद थांबून. मग २ सेकंद. मग ४. मग ८. प्रत्येक वेळी दुप्पट! तुम्ही म्हणाल, हे उलटंच झालं. उत्तर येत नाही म्हटल्यावर भराभर हाका मारायला हव्यात. आपण दारावर तसंच करतो की, आधी एक टकटक आणि मग धाड धाड धाड.

संगणकही एके काळी काहीसे तसेच वागायचे. त्यामुळे काय झालं ते ऐका.

ही गोष्ट कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावची, १९८६ च्या ऑक्टोबर महिन्यातली. तिथे टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे आणि जवळच बर्कलीचं विद्यापीठ. दोन्हीकडच्या ज्या संगणकांची ही गोष्ट आहे, त्यांच्यात अंतर किती? ४०० यार्ड. म्हणजे साधारण ३६५ मीटर, आपल्याकडे शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत असेल तेवढं. मधे संगणकांची काही ठाणी. या वाटेवरून एरवी सेकंदाला ३२ हजार बिट जायचे. बिट म्हणजे शून्य किंवा एक, संगणकाची सगळ्यांत छोटी खूण. एक दिवस हा वेग घसरला तो ४० बिटांवर. ४० हजार नव्हे हं, नुसते चाळीस! वेग आठशे पटींनी कमी.

हे किती कमी, ते असं पाहा. आजच्या पद्धतीने 'मराठी' हा शब्द संगणकात लिहिला तर १२० बिट लागतात. म्हणजे त्या वाटेवरून 'मराठी' हा एक शब्द पोचायला ३ सेकंद! त्या काळात ३६० किलोबाइटच्या फ्लॉपी असत. एक फ्लॉपीभर मजकूर या वेगाने पाठवायला वीस तासांहून जास्त लागले असते. तीच फ्लॉपी खिशात घालून कुणी चालत निघाला असता, तर पाच मिनिटांत पोचला असता.

तार तुटली नव्हती. यंत्रं बंद पडली नव्हती. सगळे संगणक जिवाच्या आकांताने काम करत होते, आणि तरी जवळजवळ काहीच पोचत नव्हतं. ही घसरगुंडी तिथल्यापुरती थांबली नाही. पुढेही पुन्हापुन्हा असं होऊ लागलं. इंटरनेट तेव्हा लहान होतं, काही हजार संगणकांचं. ते वाढायच्या आधीच गुदमरतंय की काय, असा प्रसंग होता.

प्रयोगशाळेतला व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातला माइक कॅरल्स हे दोघं कारण शोधायला बसले. इथे अंदाज बांधून भागणार नव्हतं. त्यांनी पाकिटांचा माग काढला: कोणतं पाकीट, कोणत्या क्षणी निघालं. मग आलेख काढला. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर पाकिटाचा क्रमांक, एका पाकिटाला एक ठिपका. सगळं सुरळीत असेल तर ठिपक्यांची एक छान तिरकी चढती रेघ यायला हवी. त्यांनी १९८८ मध्ये छापलेल्या निबंधातला एक आलेख मात्र करवतीच्या दातांसारखा आहे! ठिपके वर चढतात, धपकन खाली येतात, पुन्हा तेच अंतर चढतात. खाली येतात, कारण तीच पाकिटं पुन्हा पाठवली जातायत. जवळजवळ प्रत्येक मजकूर निदान दोनदा गेला. एक तुकडा तर पाच वेळा! मिळालेल्या वाटेचा फक्त ३५ टक्के उपयोग झाला, बाकीची पुन्हा पुन्हा पाठवण्यात वाया गेली.

आता चित्र उलगडतं. बोलणं सुरू होताच संगणक हातात असतील तेवढी पाकिटं एकदम वाटेवर सोडायचे. मधल्या ठाण्यात जागा मोजकी. ती भरली की ठाणं उरलेली पाकिटं फेकून देणार, मघाशी सांगितलं तसं. पाठवणारा बघतो, पोच आली नाही. लगेच तीच पाकिटं पुन्हा सोडतो. कधी कधी तर पाकीट हरवलेलंही नसतं, नुसतं रांगेत उभं असतं, तरी त्याची दुसरी प्रत मागे येऊन उभी! घाटात गाड्या खोळंबल्यात, आणि खालचा प्रत्येक जण 'माझी गाडी पोचली नाही' म्हणून तशीच आणखी एक गाडी घाटात घालतोय. कशी सुटणार कोंडी?

उपाय दोघांनी असा काढला, की ठाण्यांना हात लावायलाच नको. पाठवणाऱ्यांनीच नीट वागायचं. आधी एकच पाकीट पाठवा. पोच आली? मग दोन. त्यांची आली? मग चार. मग आठ. एखादं हरवलं, तर ती गर्दीची खूण समजा आणि झटकन मागे या. आणि वाट पाहायची वेळ मोजूनमापून ठरवा, पुन्हा पाठवावं लागलं तर दरवेळी ती वाढवत न्या. १९८८ मध्ये बर्कलीच्या युनिक्समधून ही सुधारणा बाहेर पडली, आणि नंतर जगभर गेली. मला यातलं सगळ्यांत जास्त काय आवडतं सांगू? चौकात कुणी पोलिस उभा नाही. प्रत्येक संगणक आपलं आपण ठरवून मागे सरतो, म्हणून सगळ्यांचं चालतं. आज सुरुवात एकाऐवजी दहा पाकिटांनी झालेली दिसते, कारण वाटा रुंद झाल्यात. पण पोच येईल तसं वाढायचं आणि गर्दी दिसली की आवरतं घ्यायचं, हे तुमच्या घरच्या संगणकातही चालूच आहे. तो दुपटीचा ठसा तिथूनच आलेला!

टीसीपीडंपही याच घरातलं. इंटरनेटचं वागणं तपासायच्या याच संशोधनात, त्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत, जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी ते १९८८ च्या सुमारास तयार केलं. इतकी वर्षं झाली, अजून त्यात सुधारणा होतायत आणि अजून ते फुकट आहे.

आता आई-बाबांसाठी थोडं. तुमच्या मनात आलंच असेल, की पाकिटं अशी वाचता येतात, तर कुणीही आपली वाचू शकेल? एके काळी वाचत होते. तेव्हा पासवर्डसुद्धा उघड्या पोस्टकार्डासारखे तारेवरून जात. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी गुपचूप असे पासवर्ड टिपून घेतले. त्यावर तिथल्याच टाटू इलोनेन याने १९९५ मध्ये एसएसएच नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तो बोलणं कुलूप लावूनच पाठवतो. वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं, त्यातला शेवटचा एस हाही कुलपाचाच. टीसीपीडंप लावून अशी साइट उघडा आणि मजकूर पाहायचा प्रयत्न करा, नुसता गिचमिडकाला दिसेल. मात्र कोण कुणाशी, कधी आणि किती बोललं, ते दिसतंच. पाकीट चिकटवलं तरी पत्ता बाहेरच असतो ना! म्हणूनच हे हत्यार फक्त स्वतःच्या घरच्या संगणकावर चालवायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत सरांनी स्वतः लावून दिल्याशिवाय नाही, आणि शेजारच्यांच्या वायफायवर तर अजिबात नाही. दुसऱ्याचं पत्र आपण उघडत नाही, त्यातलंच हे.

चला, आता कोडं. पक्याचं आणि सुमीचं, दोघांचंही पान उघडत नाहीये. दोघांच्याही पडद्यावर 'संपर्क होऊ शकत नाही' असंच लिहून आलंय. दोघांनी माग काढला. पक्याच्या ओळींत एस गेला, १ सेकंदाने पुन्हा एस, मग २ सेकंदांनी, मग ४ सेकंदांनी, आणि पलीकडून एकही ओळ नाही. सुमीच्या ओळींत एस गेला, आणि २० मिलिसेकंदांत पलीकडून आर आला. दोघांपैकी कुणाचा समोरचा संगणक नक्की चालू आहे? आणि कुणाच्या बाबतीत संगणक बंद आहे की वाटेत कुणी पाकीट अडवतंय, हे एवढ्यावरून सांगताच येणार नाही? कारणासकट लिहून काढा. उत्तर पुढच्या अंकात.